प्लास्टिकपासून डिझेल: गावात यंत्र घ्यायचं घाटतंय, कुणी चालू बघितलंय का?

नाल्याकाठचा

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, इथं अर्धं गाव वाचत असतंय.

आमचं शिवार बळ्ळारी नाल्याच्या अंगाला. पावसाळ्यात नाला फुगला की शहरातल्या पिशव्या भातात येऊन बसतात. पाणी ओसरलं की बांधावर, रोपांच्या बुडात, जिकडं तिकडं प्लास्टिक. पॉवर टिलरच्या पात्यांना गुंडाळतंय ते वेगळंच. गोळा करायचं, कोपऱ्यात ढीग घालायचा, मग कुणीतरी रात्री काडी लावायची. आमचा कचरा व्यवस्थापन प्रकल्प म्हणजे हाच.

आता मंडळाच्या पोरांना एकजण भेटलाय. प्लास्टिकपासून डिझेल काढायचं यंत्र विकतोय. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. एका तोंडानं पिशव्या आत, दुसऱ्या तोंडानं पिवळं तेल बाहेर, तेच तेल मोटरसायकलीत घालून गाडी सुरू. "एक टन प्लास्टिकला ८०० लिटर, सरकारी संस्थेचा आकडा आहे" म्हणाला. पोरं पेटलीत. गणपतीचा शिल्लक फंड, महिला संघाची थोडी ठेव, उरलेलं कर्ज, असं जमवून घेऊया म्हणतात. मग गावचे ट्रॅक्टर गावच्या डिझेलवर.

मला पटतंय पण आणि नाही पण. विक्रेत्याचं सोडून सांगा: असं यंत्र कुणी चालू बघितलंय का? तेल कोण घेतंय? आणि वास किती येतोय?

कुंद्याचा_डबा

गणपतीच्या फंडातून तेलाची विहीर! गावाला एखादा शेख लागणार असेल तर मी रिकामाच आहे.

खानापूरचा_तिरकस

यंत्रावर ६० टक्के कन्नड पाटी लावायला विसरू नका. नाहीतर तेल निघायच्या आधी पाटी निघेल.

संचालक

सीमाप्रश्नाला वेगळे धागे आहेत, हवे तेवढे आहेत. इथं तेलावर बोला.

उद्यमबागी

मी बघितलंय. गावात नाही, एका ओळखीच्याच्या शेडमध्ये. त्यानं मोठ्या हौसेनं छोटी भट्टी केली होती.

आधी यंत्र काय करतंय ते सांगतो, म्हणजे व्हिडिओतली जादू कमी होईल. पोलादी टाकीत प्लास्टिक भरायचं, झाकण घट्ट करायचं, हवा आत जाऊ द्यायची नाही आणि बाहेरून जाळ द्यायचा. हवा नाही म्हणून ते पेटत नाही, तुटतंय. प्लास्टिक म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. ४०० ते ५०० अंशांना त्या तुकड्या तुकड्यांनी मोडतात आणि वाफ होते. वाफ पाण्यानं गार केलेल्या नळीतून नेली की तेल. जी गार होऊनही तेल होत नाही तो वायू, तो परत भट्टीखाली जाळायला वापरता येतोय. टाकीत खाली उरते ती काळी राख-काजळी. ह्याला पायरॉलिसिस म्हणतात. शास्त्र खरं आहे, त्यात फसवणूक नाही.

ओळखीच्याचं घोडं कुठं अडलं ते सांगतो. त्यानं निव्वळ दुधाच्या पिशव्या घातल्या, एकदम स्वच्छ. तेल निघालं. पण उत्प्रेरक, म्हणजे साखळ्या नीट मोडायला मदत करणारा पदार्थ, नव्हता, म्हणून निम्मं तेल आणि निम्मं मेण. थंडीच्या दिवसांत सकाळी बघितलं तर गार करायची नळी मेणानं गच्च. नळी तुंबली की टाकीत दाब वाढतोय, आणि ही टाकी म्हणजे आत पेट्रोलची वाफ भरलेली, बाहेरून जाळ लावलेली. त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप घातलं. शहाणी बाई.

आणि जे निघतंय ते डिझेल नव्हे. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, सगळ्यांची खिचडी असतेय. ती वेगळी करायला परत ऊर्ध्वपातन करावं लागतंय. मोटरसायकल त्या खिचडीवर सुरू होते, प्रश्न पुढच्या महिन्यात इंजेक्टर आणि पिस्टनचं काय होतंय हा आहे. व्हिडिओ तेवढा लांब नसतो.

नाल्याकाठचा

@उद्यमबागी, दादा हेच पाहिजे होतं. पण तुमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत भट्ट्या आहेतच की. इंजिनात नको, भट्टीत जाळायला हे तेल चालेल का? विक्रेता म्हणाला "फाउंड्रीवाले रांगा लावतील".

उद्यमबागी

ओतकाम बहुतेक आता विजेच्या इंडक्शन भट्टीवर चालतंय, तिथं तेलाचं कामच नाही. उष्मा-प्रक्रिया करणारे, फोर्जिंगवाले तेल जाळतात. ते घेतील, पण रोज तेवढंच आणि तसंच पाहिजे. आज पातळ उद्या घट्ट असलं तेल बर्नरला लावलं की जाळ नाचतोय आणि माल बाद होतोय. एका मालाची किंमत तुमच्या तेलाच्या पिंपापेक्षा जास्त असतेय. रांगा वगैरे काय नाही. फोन करून विचारतील, नमुना मागतील, तपासणीचा कागद मागतील.

केमिकल_लोचा

कुठलं प्लास्टिक घालणार त्यावर सगळं आहे. पिशव्या, डबे, खताची पोती, बाटल्यांची टोपणं हे पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन. यांचं तेल चांगलं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याचंही होतं. पाण्याच्या बाटल्या पेट (PET) नावाच्या प्लास्टिकच्या, त्यांच्यात प्राणवायू असतो. त्यातून तेल कमी आणि घन आम्लं जास्त, तीच नळीत गोठून बसतात.

सगळ्यात वाईट पीव्हीसी: पाइप, केबलचं आवरण, फ्लेक्सचे फलक, रेक्झिन. शुद्ध पीव्हीसीत वजनाच्या निम्म्याहून जास्त क्लोरीन. तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ. टाकी खातं, नळी खातं, तेलात उतरून तुमचं इंजिनही खातं. शिवाय क्लोरीन असताना धूर झाला की डायॉक्सिन नावाचं जहर होण्याची भीती. आणि नाल्यातून येतं ते तुम्ही निवडून घेणार कसं? चिखलात माखलेल्या पिशवीवर कसला शिक्का वाचणार?

बॅनरबद्दल वेगळं सांगतो. आपल्याकडे वाढदिवसाचे जितके फलक लागतात तितक्यांनी एखादी टाकी वर्षात गंजेल.

खानापूरचा_तिरकस

म्हणजे भावी नगरसेवकांनी यंत्राला हात लावायचा नाही, बरोबर?

निपाणीची_सून

मी आमच्या ग्रामपंचायतीच्या स्वच्छ संकीर्ण घटकात काम करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पंचायतीची कचरा वेगळा करायची शेड. संजीविनी संघाच्या, म्हणजे बचत गटाच्या बायका चालवतात, स्वच्छ वाहिनी गाडीही आमच्यातलीच एक चालवते. केमिकलदादांनी जे सांगितलं ते मी हाताने रोज करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडीतून येतं काय? ओल्या-सुक्याचं कितीही सांगा, भात-आमटी लागलेल्या पिशव्या येतात. लहान मुलांचे डायपर पिशवीत बांधून येतात आणि वरून ती पिशवी 'सुका कचरा' दिसते. निपाणी म्हणजे तंबाखूचा मुलूख, तर तंबाखू आणि गुटख्याच्या पुड्या किती येत असतील ते तुम्हीच ओळखा. कुरकुऱ्याची, चिप्सची, शाम्पूची पाकिटं. औषधाच्या पट्ट्या.

आता यात विकतं काय? दुधाची पिशवी धुऊन वाळवली की भंगारवाला हसत घेतो. पाण्याची बाटली घेतो. डबे, बादल्या, खुर्च्या, खताची पोती, सगळं घेतो. कारण त्याचा दाणा होतो आणि दाण्याला भाव आहे. त्याची चार पैशांची कमाई हीच आमच्या शेडची कमाई.

कुणी घेत नाही ती चकचकीत पाकिटं. त्यात प्लास्टिकचे दोन-तीन वेगवेगळे थर आणि मधे अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा. तो सोलून वेगळा करता येत नाही. ढीग लागतो तो ह्याचाच.

मग मला सांगा, तुमच्या यंत्रात घालणार काय? चांगलं तेल देणारं प्लास्टिक भंगारवाला पैसे देऊन नेतो. तुम्हाला ते त्याच्यापेक्षा जास्त भावाने विकत घ्यावं लागेल. आणि जे फुकट मिळतं त्याचं तेल धड निघत नाही. आमच्याकडे पण एकजण यंत्र विकायला आला होता. आमच्या अध्यक्षबाईंनी एवढाच प्रश्न विचारला. तो "फोन करतो" म्हणून गेला.

कुंद्याचा_डबा

अध्यक्षबाईंना माझा नमस्कार सांगा.

पुण्याहून_बेळगावकर

@निपाणीची_सून, मुद्दा जबरदस्त, तरी दुसरी बाजूही मांडतो. हे कुठेच जमलं नाही असं नाही.

नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांचं नाव या विषयात वीसेक वर्षांपूर्वी देशभर गाजलं होतं. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी रुद्र नावाने काम उभं केलं आणि जेजुरीला तेल काढायला सुरुवात केली. तिथली खरी गंमत यंत्रात नाही. पुण्यातल्या घराघरांतल्या लोकांना त्यांनी प्लास्टिक धुऊन, वाळवून, साठवून द्यायची सवय लावली. लोक विकायला नव्हे, द्यायला तयार झाले. माझी मावशी आजही गॅलरीत पिशव्या वाळत घालते, शेजारी हसतात.

तुमच्या विक्रेत्याचा ८०० लिटरचा आकडाही हवेतला नाही. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने गेल (GAIL) या सरकारी गॅस कंपनीच्या मदतीने २०१९ मध्ये रोज एक टनाचा प्रकल्प सुरू केला, एक टनातून ८०० लिटर डिझेल. पण ती केंद्र सरकारची प्रयोगशाळा. उत्प्रेरक त्यांचा, शास्त्रज्ञ त्यांचे, निवडलेलं प्लास्टिक त्यांचं. तो आकडा उचलून गावच्या शेडला चिकटवणं ही विक्रेत्याची कला.

आकडेमोड

पुणेकरांनी एक टन म्हटलं म्हणून पाटी-पेन्सिल घेतली.

केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालात देशाचा वर्षाचा प्लास्टिक कचरा साधारण ४१ लाख टन. माणशी वर्षाला ३ किलो येतो. आकडा कमी धरलाय असं बरेच म्हणतात, पण त्यात शहरंही आली, खेड्यात त्याहून कमीच. नाल्याकाठच्या भाऊंचं गाव ६,००० लोकवस्तीचं धरू. वर्षाला १८ टन, दिवसाला ५० किलो. निम्मं गोळा झालं तर २५. त्यातलं निम्मं तेलाजोगं धरलं तर १२ किलो. देहरादूनच्या हिशेबाने दिवसाला १० लिटर, तेही सगळं सुरळीत झालं तर.

एक टनाचं यंत्र भरायला तीन महिने गोळा करत बसावं लागेल. आणि टाकी पेटवायला पहिला जाळ लागतो, माणसं लागतात, कर्जाचा हप्ता लागतो. दहा लिटरात एका टिलरचा दिवस कसाबसा निघेल. नाल्यातून येणारं शहराचं प्लास्टिक वरचं धरा हवं तर, पण ते चिखलाचं.

नाल्याकाठचा

@आकडेमोड, विक्रेत्यानं हा हिशेब उलटा करून दाखवला होता. आधी ३० दिवस, रोज एक टन, मग त्याला ८०० नं गुणलं, मग डिझेलच्या भावानं गुणलं. पोरांनी तिथंच टाळ्या वाजवल्या.

आणि एक राहिलं. तो येऊन करून दाखवतो म्हणतोय, पण प्लास्टिक तो आपलंच आणणार.

उद्यमबागी

आणू दे की. फक्त शेवटी म्हणायचं, "आता आमची पिशवी घाला". एक पोतं नाल्यातलं, एक पोतं पंचायतीच्या गाडीतलं. आणि टाकी गार झाल्यावर उघडताना पोरांना तिथं थांबायला सांगा, आतलं खरवडायला कोण उतरतंय ते बघू दे. गरम असताना उघडली आणि हवा आत गेली तर भडका उडतोय. अशा कारखान्यांत अपघात होतात ते बहुतेक ह्या वेळी किंवा वाफ गळाली की. टायरपासून तेल काढणाऱ्यांकडं हे लई झालंय.

गुऱ्हाळवाला

तुम्ही सगळे शिकलेले लोक एवढा कीस पाडालाय. माझं सरळ मत सांगतो. तेल कशाला काढायचं? प्लास्टिक सरळ जाळा. आमच्या गुळाच्या चुलवाणाला उसाचं चिपाड पुरत नाही. पावसाळी हवेत चिपाड भिजलं की जाळ धरत नाही, काहिलीतला रस उतू पण येत नाही, गुळव्या डोक्याला हात लावून बसतो. लाकूड परवडत नाही. एक भारा प्लास्टिक टाकलं की जाळ कसा सणसणीत होतो. तेल काढून परत जाळायचंच आहे की.

खोटं कशाला बोलू, आजूबाजूला बरेच लोक टाकतात. जुन्या चपला, टायरचे तुकडे, काय मिळेल ते. मी सध्या टाकत नाही, गिऱ्हाईक वास ओळखतंय.

केमिकल_लोचा

जाळ सणसणीत होणारच. पॉलिथिनची उष्णता किलोला डिझेलच्या बरोबरीची, ४३ ते ४६ मेगाज्यूल. वाळलेल्या चिपाडाच्या दुपटीहून जास्त. पण प्लास्टिक जाळायचं ते सिमेंटच्या भट्टीत, जिथे १,४५० अंशांच्या आसपास तापमान असतं. उघड्या चुलवाणात धूर अर्धा जळतो, अर्धा गावभर फिरतो.

इंडोनेशियातलं उदाहरण देतो. पूर्व जावात त्रोपोदो नावाचं गाव आहे. तिथे टोफू करणारे कारखाने, म्हणजे सोयाबीनचं दूध उकळून त्याचं पनीर करणारे. जळण म्हणून ते वर्षानुवर्षं प्लास्टिक जाळायचे, परदेशातून रद्दीबरोबर आलेलं. २०१९ मध्ये तिथल्या गावठी कोंबड्यांची अंडी तपासली तर डायॉक्सिनचं प्रमाण आशियात नोंदलेल्या सर्वाधिक आकड्यांपैकी निघालं. कोंबडी राखेत टोचत फिरते, राख अंड्यात जाते. गुऱ्हाळाभोवती कोंबड्या असतातच की ओ काका.

गुऱ्हाळवाला

असतात. बघतो. पण तुम्ही मला चिपाडाचा भाव कमी करून द्या मग. कारखाने चिपाड सगळं वीज करायला वापरतात, आम्हाला कोण विचारतंय?

भातवाली

काकांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जाळतो तो हौसेनं नाही जाळत. आमच्या वडगावच्या शिवारातही तेच. बांधावर ढीग झाला की दुसरं करायचं काय ते कुणी सांगत नाही.

मला मूळ धाग्याबाहेरचं विचारायचंय, पण जवळचंच आहे. मल्चिंगचा कागद (रोपांभोवती जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक) आणि ठिबकच्या जुन्या नळ्या कोण घेतं? घराच्या मागे लई साठलंय.

डेपोशेजारी

वासाचं कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. मी एका कचरा डेपोच्या शेजारच्या गावातला. डेपो कुणाचा, कुठला, सांगत बसत नाही. आम्हालाही सुरुवातीला सांगितलं होतं की वास येणार नाही, सगळं शास्त्रीय आहे, गावाला रोजगार मिळेल. पावसाळ्यात पाहुणे आले की दारं लावून जेवतो. पोरीला बघायला आलेल्यांनी चहाचा कप तसाच ठेवला होता.

यंत्र चांगलं असेलही. पण ते कुणाच्या घरामागं बसणार हे आधी ठरवा. मंडळाच्या अध्यक्षाच्या घरामागं बसवा म्हणा, मग किती जण हात वर करतात बघा. आमच्याकडं गावाबाहेर म्हणजे कायम एकाच गल्लीच्या बाजूला असतंय, ते इथं लिहायला नको.

शहापूरचा_आशावादी

वाचून वाचून कंटाळा आला. सगळ्यांनी मिळून नाहीच म्हणायचं ठरवलंय का? कर्नाटकात मार्च २०१६ पासून पिशव्यांवर बंदी आहे. आज बाजारात जा, भाजीवाली पिशवी देते की नाही? बंदीनं होत नाही, वेगळं करा म्हणून होत नाही, मग कुणीतरी पोरं पदरचे पैसे घालून काही करू बघतात तर त्यांच्या पायात साप सोडायचे.

जपानच्या अकिनोरी इतो यांनी टेबलावर मावणारं यंत्र केलं. किलोभर प्लास्टिकचं लिटरभर तेल, एक युनिटच्या आसपास वीज. लहान यंत्र घ्या, शाळेत ठेवा, पोरांना दाखवा. पिशवीचं तेल होतं हे डोळ्यानं बघितल्यावर पिशवी फेकताना हात थांबेल. नफाच कशाला पाहिजे प्रत्येक गोष्टीत?

निपाणीची_सून

आशावादी दादा, शाळेत दाखवायला असेल तर मी सगळ्यात आधी वर्गणी देईन. पण इथं संघाच्या बायकांची ठेव जातेय. ती ठेव म्हणजे कुणाच्या बाळंतपणाची, कुणाच्या फीची. त्यात नफा बघायचाच. आणि प्रयोग फसला की मंडळाची पोरं पुण्या-मुंबईला जातील, कर्जावर सही मात्र बायकांची राहील. हे मी तोंडावर सांगते, राग मानू नका.

शहापूरचा_आशावादी

ठेवीचं मी वाचलंच नव्हतं नीट. ते घालू नका हे मान्य. बाकी म्हणणं कायम.

कायद्याचा_कीस

कागदाचं सांगतो. अधिकृत सल्ला नाही, माहिती समजा.

आधी प्रदूषण मंडळ. कर्नाटकात उभारणीची संमती वेगळी आणि चालवायची संमती वेगळी. दोन्ही लागतात. मग साठा. तेलाचा झळबिंदू, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ ठिणगी धरते ते, २३ अंशांच्या खाली असेल तर पेट्रोलियम कायद्यात ते पेट्रोलच्याच वर्गात. ही खिचडी बऱ्याचदा त्यात बसते. त्या वर्गाचं ३० लिटरपेक्षा जास्त विनापरवाना ठेवता येत नाही, आणि विकायचं असेल तर ती सूटही नाही. अंगणात पिंप भरून ठेवणं विसरा.

मग विक्री. डिझेल म्हणून पंपाबाहेर कुणाला विकलं की अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा २००५ चा आदेश आडवा येतो. भट्टीचं जळण म्हणून विकता येईल, ट्रॅक्टरवाल्याला डिझेल म्हणून नाही.

आणि एक गंमत. प्लास्टिक बनवणाऱ्या, वापरणाऱ्या कंपन्यांवर कचरा परत घ्यायची जबाबदारी आहे, २०२२ मध्ये तिचे सविस्तर नियम आले. त्या नियमांत तेल करायला परवानगी आहे, पण ज्याचा पुनर्वापर होत नाही अशाच प्लास्टिकचं. म्हणजे निपाणीच्या ताईंनी सांगितलेलंच कायद्यात लिहिलंय: चांगलं प्लास्टिक भंगारात जाऊ दे, वाईटाचं तेल करा. आणि केमिकलवाले म्हणतात वाईटाचं तेल होत नाही. आता बोला.

खानापूरचा_तिरकस

एन माडोदु, काय करायचं! कायदा आणि रसायनशास्त्र दोघं एकाच बाकावर बसून एकमेकांकडं पाठ करून बसलेत.

पुण्याहून_बेळगावकर

म्हणूनच चकचकीत पाकिटांना सध्या दोनच वाटा दिसतात. एक सिमेंटची भट्टी. तुमच्या जिल्ह्यातच यादवाडला मोठा सिमेंट कारखाना आहे, मुधोळकडेही आहे. दुसरी वाट डांबरी रस्ता. मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी गरम खडीवर प्लास्टिकचे कपटे टाकून मग डांबर घालायची पद्धत काढली, २०१८ ला पद्मश्री मिळाली. पण त्यातही पीव्हीसी चालत नाही, आणि कपटे सुके-स्वच्छ लागतात.

खानापूरचा_तिरकस

आमच्या रस्त्यात प्लास्टिक घालायला आधी रस्ता पाहिजे.

निपाणीची_सून

सिमेंटवाल्यांकडे जाणारं आम्ही पाठवतो, तालुक्याच्या केंद्रातून. पण सुटी पाकिटं कुणी नेत नाही. ट्रकमध्ये हवाच जास्त भरते आणि भाडं आपल्या अंगावर येतं. गठ्ठे दाबून द्यावे लागतात, त्याला बेलिंग मशीन लागतं.

@नाल्याकाठचा भाऊ, पोरांना काहीतरी यंत्र घ्यायचंच असेल तर त्यांना हे सांगा. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक केंद्र करायला १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. त्यात दाबायचं आणि बारीक करायचं यंत्र बसतं. तुमच्या तालुक्याचं केंद्र आहे का, चालू आहे की कुलूप आहे, पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, लेखी विचारा. तोंडी विचारू नका. गणपतीच्या फंडातून मग शेडला पत्रा घाला, नाल्यातलं धुवायला पाण्याची टाकी घाला. डिझेलसारखं भारी वाटत नाही, माहीत आहे मला.

कुंद्याचा_डबा

"आमच्या मंडळानं पत्रा घातला" असं फलकावर कसं छापायचं हो ताई? फोटो कुणाचा लावायचा?

केमिकल_लोचा

फलक कापडाचा करा एवढंच म्हणतो.

नाल्याकाठचा

बैठक झाली. संघाची ठेव घालायची नाही हे बायकांनीच बैठकीत उभं राहून सांगितलं. मला काही बोलावं लागलं नाही. विक्रेत्याला आमचं पोतं घाल म्हटलं तर "ओलावा चालत नाही, आधी ड्रायर घ्यावा लागेल" म्हणाला. ड्रायरचा भाव वेगळा. निम्मी पोरं अजून त्याच्याच बाजूनं आहेत, जेजुरीला जाऊन बघून येणार म्हणतात. जाऊ देत, मीच म्हटलं जावा.

पीडीओंना अर्ज दिलाय. पोच घेतलीय. नाल्यातल्या प्लास्टिकचा प्रश्न मात्र तसाच आहे. आम्ही वेगळं करून, धुऊन, दाबून देणार, आणि पुढच्या पावसात वरून परत तेवढंच येणार. नाल्याला शहराच्या बाजूला जाळी बसवा म्हणून कुणाकडं मागायचं?

कायद्याचा_कीस

महापालिकेकडे लेखी मागा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. २०१६ च्या प्लास्टिक नियमांत गोळा करणं, साठवणं, विल्हेवाट लावणं ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. एका गावानं मागू नका. नाल्याकाठच्या सगळ्या गावांनी एकाच कागदावर सह्या करा.

डेपोशेजारी

सह्यांत आमचंही गाव धरा. नाला आमचा नाही, पण सहीला काय.

गुऱ्हाळवाला

सगळं वाचलं. अंड्यांचं जरा मनाला लागलंय, घरी सांगितलं. पण चिपाडाचं कुणी बोललं नाही ते नाहीच.

उद्यमबागी

काका, चुलवाणाला हवा कशी मिळतेय ते बघायला या रविवारी येतो. बऱ्याच ठिकाणी चिपाड कमी पडत नाही, अर्धं धुरातच जातंय. खाली जाळी आणि धुराड्याची उंची नीट असली की त्याच चिपाडात जास्त रस आटतोय. खर्च पत्र्याचा आणि वेल्डिंगचा, मजुरी नको. गूळ द्या.

भातवाली

माझ्या नळ्यांचं?

निपाणीची_सून

अय्यो, राहिलंच ताई. ठिबकच्या नळ्या भंगारवाले घेतात, आतली माती झटकून, टोकाचे काळे कनेक्टर वेगळे काढून, बंडल बांधून ठेवा, भाव बरा येतो. मल्चिंगच्या कागदाचं अवघड आहे. पातळ असतो आणि मातीच जास्त वजनाची, म्हणून घेत नाहीत. उन्हात वाळवून झाडून बघा, मग मला फोटो पाठवा. पुढच्या हंगामाला जरा जाड कागद घेतलात तर काढताना तुकडे होत नाहीत, मग तोही जाईल. नळ्यांचा साधारण अंदाज किती किलो आहे?

भातवाली

वजन नाही केलं. एक बैलगाडी भरेल. उद्या करून सांगते.